मधूच्या गणितातली चूक

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. खरं तर मधूलाच सांगायला हवं होतं — पण तो आता नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. सौंसरच्या शाळेत मी गणित शिकवायचो, मधू विज्ञान. दोघंही डाव्या विचारांचे — किती? तर देवळापुढून जाताना चुकून जोडले जाऊ नयेत म्हणून मी हात खिशात घालायचो, इतके. दर रविवारी संत्र्याच्या वखारीत आमचं अभ्यासमंडळ भरायचं. तिथली रीत होती, ज्याची चूक निघेल त्यानं उभं राहून ती सगळ्यांपुढे कबूल करायची. आत्मटीका म्हणायचो आम्ही. मला ती रीत फार आवडायची. माझी पाळी आली नव्हती ना.

एका रविवारी मधू विश्वावर बोलणार होता. तारकांचे पुंज एकमेकांपासून दूर पळताहेत, म्हणजे कधीतरी सगळं एका ठिकाणी असणार, विश्वाला सुरुवात असणार — असं त्यानं वाचलं होतं. आदल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर त्यानं हिशेब मांडला. "तपासून दे गा. तू म्हणशील तरच बोलतो," म्हणाला. मी तपासला. बरोबर होता. तसं सांगितलंही.

वखारीत तो छान बोलला. पुरी फुगली की तिच्यावरचे तीळ दुरावतात, तसं विश्व, म्हणाला. संत्री भरणारी माणसंही हसली, त्यांना कळलं होतं. नागपूरहून आलेले पुढारी मात्र हसले नाहीत. सुरुवात म्हटली की सुरू करणारा आला, तो आला की भटजी आले, जमिनीचे मालक मालगुजार आले; खरं विज्ञान विश्वाला अनादि मानतं, असं त्यांनी ऐकवलं. मग माझ्याकडे वळले — गणिताचे मास्तर काय म्हणतात?

काय म्हणायला हवं होतं? बरोबर आहे, एवढंच. पण मला भीती वाटली — मी भटजींच्या बाजूचा ठरलो तर? त्या घटकेला मला आकाशापेक्षा ती वखार मोठी वाटली. मी म्हणालो, पुन्हा पाहिलं, गणितात चूक आहे.

मधूनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही — विश्वासानं. आणि उठून त्यानं चूक कबूल केली.

पुढे राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्यप्रदेशात राहिलं. मधू नागपूरकडे गेला. बसमध्ये चढताना म्हणाला, "ते चूक अजून शोधून राहिलो मी. कोठी होती, तेवढं सांग ना." मी म्हणालो, कळवतो.

कळवलं नाही. काय कळवणार होतो?

बऱ्याच वर्षांनी बोरगावच्या एका लग्नात तो भेटला. विज्ञान सोडून भूगोल शिकवत होता. पंगतीत कोणीतरी आकाशाचा विषय काढला, तसं त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "याले विचारा. माहं गणित पहिलेपासूनच कच्चं."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. सगळे हसले. मीही हसलो, आणि आग्रह करकरून त्याच्या पानात जिलेबी वाढली.