आज तुमी म्होरं

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसनं सगळ्या टीम लीडरांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण ठेवलं होतं. शिकवणारा मुलगा हुशार होता, पण इतका हसतमुख की मला उगाचच त्याचा राग येत होता. त्यानं एकेकाला विचारलं, "टीममधला माणूस खचलाय असं वाटलं तर तुम्ही काय करता?" कुणी म्हणालं, संवाद साधतो. कुणी म्हणालं, फीडबॅक घेतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "गाडीत समोर बसवते." "वा, म्हणजे जबाबदारी देता!" तो म्हणाला. मी माइक बंद केला. दोन मिनिटांत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आमचं काम डोळे तपासायचं. सकाळी परभणीहून जीप निघायची, कधी चुडाव्याला, कधी चारठाण्याला. शाळेच्या वर्गात नाहीतर बुद्धविहारात शिबिर लागायचं. मोतीबिंदू निघाला की पेशंटला ऑपरेशनसाठी परभणीला आणायचं. आम्ही पाच जण होतो. आमच्या प्रमुख डॉक्टरबाई, सिस्टर, नावं लिहून घेणारे दादा, चष्म्याचे नंबर काढणारी मी आणि गाडी चालवणारे काका. मागे समोरासमोर दोन बाकडी. गुडघ्याला गुडघा लागायचा आणि खड्डा आला की डोकं टपाला. काकांच्या शेजारी मात्र एकच ऐसपैस सीट, गादीची, वाऱ्याची. ती साहेबाची असते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेब मागे बसलेला दिसला तर लोकांना वाटतं, सस्पेंड झाला.

बाई त्या सीटवर कधीच बसल्या नाहीत. सकाळी जीपच्या दाराशी उभ्या राहून त्या येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायच्या आणि मग कुणाला तरी म्हणायच्या, "आज तुमी म्होरं." बस्स, एवढंच. बाई पूर्णेकडच्या, आमच्याशीही गावचीच बोली बोलायच्या. का, हे त्या सांगायच्या नाहीत आणि आम्हीही विचारायचं नाही. दादांचं भावकीत वाजलेलं असायचं, सिस्टरचं लेकरू तापानं फणफणलेलं असायचं. समोर कुणी बसलं की काका आतला छोटा आरसा टपाकडे फिरवायचे, म्हणजे त्या माणसाचा चेहरा मागच्यांना दिसायचा नाही. समोर फक्त रस्ता. झोपा, पुटपुटा, रडा, कुणी बघायचं नाही.

माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नवा ड्रेस घालून, पावडर लावून गेले होते. बाई म्हणाल्या, "आज तुमी म्होरं." मला रागच आला. एवढं नटूनथटून आले तरी हिला कळलं कसं? तणतणत बसले आणि गाडी गावाबाहेर पडली तशी जी रडायला लागले ती जिंतूरपर्यंत. माझे हुंदके ऐकू येऊ नयेत म्हणून मागून दादांनी मोठ्यानं विचारलं, "सिस्टर, तुरीचा भाव काय निघालाय?" सिस्टरही तेवढ्याच मोठ्यानं सांगू लागल्या. वास्तविक सिस्टरच्या घरी शेताचा तुकडा नव्हता. आजही कुणी तुरीचा भाव विचारला की मला भरून येतं.

मग बाईंच्या निवृत्तीचा दिवस आला. शेवटचं शिबिर पोखर्णीला होतं. आज समोरची सीट बाईंची, असं प्रत्येकानं आपापल्या मनात ठरवलेलं. त्यामुळे सगळे भराभर मागे चढून बसलो. काकांनी तर आरसाही आधीच वर फिरवून ठेवला होता. बाई आल्या. नेहमीसारख्या दाराशी उभ्या राहून त्यांनी आमची तोंडं बघितली. आम्ही सगळे माना खाली घालून. त्या मागे चढून माझ्या शेजारी बसल्या. जीप निघाली. समोरची सीट तशीच मोकळी.

नरसिंहाच्या देवळापाशी आमची वाट बघत बसलेले एक आजोबा पुढच्या खिडकीतून डोकावले. "डाक्टर कुठं ऱ्हायले? म्होरं तर कुनीच न्हाई." आम्ही खूप हसलो, बाईही हसल्या. परततानाही ती सीट मोकळीच आली. आम्ही सगळ्यांनी जागा राखली होती, पण 'आज तुमी म्होरं' म्हणायला तोंड कुणालाच फुटलं नाही. ते वाक्य बाईंचं होतं. ते आपणही बाईंना म्हणू शकतो हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर संस्थेनं मला टीम लीडर केलं. बाईंच्या जागी आलेले डॉक्टर परभणीच्या दवाखान्यातच बसतात. नवी गाडी आली, पुढे स्टँडवर टॅबलेट आला आणि पुण्याहून हुकूम आला की लीडरनं समोर बसून वाटेतलं प्रत्येक गाव टॅबलेटवर नोंदवायचं. मी समोर बसू लागले. इतकी वर्षं मला ताई म्हणणारे दादा आणि सिस्टर मॅडम म्हणू लागले. मला ते टोचायचं, पण ताई म्हणा असं सांगून कुणी ताई म्हणतं का?

एका संध्याकाळी सामान आवरता आवरता सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, म्होरल्या म्हैन्यापासून मी येनार न्हाई."

म्हाताऱ्या बाया डोळ्यात थेंब घालून घ्यायच्या त्या फक्त सिस्टरच्या हातून. ऑपरेशनला घाबरणाऱ्यांना राजी करायच्या त्याही सिस्टरच. त्या गेल्या तर नुसतं शिबिर उरणार. आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. लीडर झाले तेव्हा पुण्यानं शिकवलेलं सगळं मी केलं. ऑफिसात बोलावलं, दार लावलं, चहा मागवला आणि कामात काय अडचण आहे ते विचारलं. "काय न्हाई ओ मॅडम. घरचंच हाय." समोरासमोर खुर्च्या टाकून, डोळ्यांत डोळे घालून विचारल्यावर कोण सांगणार? मलाही नसतं सांगता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीच्या दाराशी उभी राहिले. सिस्टर आल्या. डोळे सुजलेले, पदराची पिन उलटी. मी टॅबलेट स्टँडवरून उपसला.

"सिस्टर, आज तुमी म्होरं."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा रिकाम्या सीटकडे बघितलं. मग चढून बसल्या. काकांनी आरसा वर केला. मी मागे, मांडीवर टॅबलेट, दादांच्या गुडघ्याला गुडघा. थोड्या वेळानं दादांनी घसा खाकरून तुरीचा भाव विचारला. मीही ठणकावून काहीतरी सांगितलं.

चारठाणा जवळ आलं तेव्हा सिस्टर आपण होऊन बोलल्या, काचेकडे बघत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दिवसभर त्यांची कूस बदलायला घरात कुणी नव्हतं. "काम सोडायचं मनात न्हाई. पर जीव दोन ठिकानी कसा ठिवू?" परततानाच सगळं ठरलं. सकाळी सगळ्यात शेवटी सिस्टरना घरून घ्यायचं, परतताना आधी त्यांना सोडायचं. दुपारी सासूबाईंकडे बघायला काकांच्या मंडळी जातील, हे काकांनी परस्पर कबूल करून टाकलं. सिस्टर राहिल्या. टॅबलेटचं स्टँड ढिलं झालंय, असं मी पुण्याला कळवलं. ते अजून ढिलंच आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी घरून निघाले. घरी काय झालं होतं ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि इथेही लिहिणार नाही. समोरच्या सीटचा नियमच तो. मी नेहमीसारखी मागे बसले. सिस्टरच्या घरापाशी गाडी थांबली. त्या दाराशी आल्या, पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या आणि आमची तोंडं बघू लागल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "आज तुमी म्होरं."

मला काही झालेलं नाही, असं मी म्हणणार होते. पण काकांचा हात आरशाकडे गेलाही होता. मी उतरून समोर जाऊन बसले. पुढे फक्त रस्ता. इतकी वर्षं बाई मागच्या बाकड्यावर बसल्या. त्याही कधी अशाच एखाद्या सकाळी घरून निघाल्या नसतील का?

गाडी निघाली. मागून दादांनी मोठ्यानं विचारलं, "सिस्टर, तुरीचा भाव काय निघालाय?"