तीन नंबरचा प्रश्न

कुणी काही विचारलं की मामा आधी इंजिन बंद करायचे. मग खिडकीतून अर्धे बाहेर वाकून म्हणायचे, "हां, आता इचारा." पत्ता विचारणारा स्कूटरवाला असो की गेटवरचा वॉचमन, टँकरची घरघर थांबल्याशिवाय उत्तर नाही. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून थकायचे. "मानूस बोलतोय न्हवं? मग गाडीनं गप बसायचं," असं त्यांचं म्हणणं.

कळंबोलीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे कोरेगावकडचे, राहायला कामोठ्यात. ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावणं आणि कागदपत्रं सांभाळणं ही माझी कामं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव लावलं की पुढचा विचार करावा लागत नाही. आमच्याकडे ते मामा होते.

मग ज्या केमिकल कंपनीचा माल आम्ही नेतो, तिनं नियम काढला. टँकरच्या ड्रायव्हरला इंग्रजीत विचारलेलं समजलं पाहिजे आणि इंग्रजीत उत्तर देता आलं पाहिजे. नाहीतर टँकर दुसऱ्याच्या हाती. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ॲसिड नेणाऱ्याला सूचना कळायलाच हवी.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी गेटवर नेहमी विचारतात ते प्रश्न काढले आणि त्यांना नंबर दिले. एक, नाव काय. दोन, टँकरमध्ये काय आहे. तीन, गळती झाली तर काय कराल. शनिवारी पार्किंगमध्ये वर्ग भरायचा. मी एक, दोन, तीन अशी ओळीनं बोटं दाखवायची, ड्रायव्हर एका सुरात त्या नंबरची उत्तरं द्यायचे. ऐकायला फार छान वाटायचं.

घरी मामी भाकऱ्या थापता थापता मामांचं पाठांतर घ्यायच्या. हे पार्किंगभर माहीत झालं होतं.

"काय मामा, काल पास का नापास?" कुणीतरी चिडवायचं.

"तीन नंबर चुकला तर भाकरी न्हाय म्हनली."

सगळ्यांबरोबर तेही हसायचे. पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्याडम, टँकर गेला तर यार्डात कंटेनर हिकडनं तिकडं करायचं. सारा जलम रस्त्यावर गेला वो. कुंपनाच्या आत मला न्हाय जमायचं."

परीक्षेला कंपनीचे नवे साहेब आले. मामा इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे होते. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इफ द टँकर लीक्स, व्हॉट विल यू डू?"

मामांनी उत्साहात आपलं नाव सांगितलं.

साहेबांनी तोच प्रश्न सावकाश पुन्हा विचारला.

"ॲसिड, सर."

रांगेतले ड्रायव्हर खो खो हसले. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं. साहेबांनी विचारलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि भरभर इंग्रजीत काहीतरी बोलले. मला त्यातलं 'ट्रेनिंग' तेवढं कळलं.

"येस सर. थँक यू सर," मी म्हणाले.

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मागचं हसू अचानक थांबलं. ते चालू राहिलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

ऑफिसकडे परतताना मामा माझ्या बाजूनं चालत होते. मग हळूच म्हणाले, "म्याडम, तुमचाबी नंबर चुकला का?"

त्यात टोमणा नव्हता. एका बाकावरच्यानं शेजारच्याला विचारावं, तसं विचारलं होतं. मी घड्याळात बघून उशीर झाल्याचं काहीतरी पुटपुटले.

टँकर गेला. यार्डात मामा थोडेच दिवस टिकले. एका सोमवारी आले नाहीत, मग आलेच नाहीत. त्यांच्या टँकरवर आता बारावी झालेला एक ड्रायव्हर आहे. चांगला आहे. शनिवारचा वर्ग मी अजून घेते, पण बोटं दाखवत नाही.

परवा वाशीच्या बाजारात मामा दिसले. कोबीच्या गोण्या भरलेल्या टेम्पोशेजारी उभे होते. आमची नजरानजर झाली आणि ते चटकन खाली वाकून टायर बघायला लागले. टायरला काहीही झालेलं नव्हतं. मी चार पावलं पुढे गेले, तरी ते वाकलेलेच. त्यांची कंबर किती दुखते, मला ठाऊक आहे. मी पिशवी सावरली, हाक मारली नाही, आणि त्यांना लवकर सरळ उभं राहता यावं म्हणून भराभर गाळ्यामागे वळले.