वापसा नसलेल्या शेतात

जीपच्या टपावर तो लांबलचक खोका चढवला जात होता, तेव्हा शेजारच्या शालनकाकी हातात झाडू घेऊनच बाहेर आल्या.

"काय रं, फ्रिज बिघडला व्हय? माघारी लावून देतोयस?"

"न्हाई वो काकी," पप्पा दोरी आवळत म्हणाले. "पोरगी लावून देतोय."

खोक्यात माझी सायकल होती. चाकं काढलेली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. मम्मीने दोन्ही चाकांच्या मध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पाकिटं कोंबली होती. कडेगावातली निम्मी गल्ली निरोपाला उभी होती आणि मी मात्र टपावरच्या गाठींकडे बघत बसले होते. मी रडले नाही. मला चारचौघांत काहीच करायला जमत नाही, रडायलाही.

शाळेत माझं असंच होतं. इस्लामपूरला इंग्लिश मीडियममध्ये, हॉस्टेलवर. तिथे इंग्लिशमध्ये चूक होईल म्हणून गप्प, सुट्टीत गावी आले की माझं मराठी ऐकून पोरी हसतील म्हणून गप्प. पुढे साताऱ्याला कॉलेजात डोंगरातल्या सायकल शर्यतींचा नाद लागला, त्याचं खरं कारण हेच असावं. सायकलवर असताना कोणी बोलायला लावत नाही. तिथल्या सरांनी ओळख काढून बेल्जियममधल्या एका छोट्या क्लबकडे एका हिवाळ्यासाठी माझी सोय केली. मी सायक्लोक्रॉस खेळायला निघाले होते.

हा खेळ घरी समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली होती. ऐन थंडीत कुणाच्या तरी शेतात किंवा माळावर दोन-तीन किलोमीटरची वाट आखतात. त्या वाटेवर पाऊण तास फेऱ्या मारायच्या. जिथे सायकल चालत नाही, तिथे ती खांद्यावर घेऊन पळायचं. आणि नियम असा, की सगळ्यात पुढची मुलगी एक फेरी जास्त मारून तुम्हाला मागून गाठायला आली, की पंच हात करून तुम्हाला बाहेर काढतात. तुमची शर्यत तिथेच संपली.

मी एका बाईंकडे राहत होते. मार्लीन त्यांचं नाव, साठीच्या, एकट्या, दारात अकरा गाई. पहिल्या दिवशी त्यांच्याच कुरणात क्लबचा सराव होता. दोन दिवस पाऊस पडून गेलेला. सगळ्या मुली सुसाट आत शिरल्या. मी खाली उतरले, सायकल उचलली आणि कुंपणाच्या कडेकडेने चालायला लागले.

"कुठे निघालीस?" मार्लीनने विचारलं.

"शेत ओलं आहे."

"हो. म्हणून तर आलो आहोत."

ओल्या शेतात कसं शिरायचं, हे माझ्या पायांना कळतच नव्हतं. पाणी दिल्यावर किंवा पाऊस झाल्यावर माती हाताला चिकटेनाशी झाली, मोकळी व्हायला लागली, की वापसा आला म्हणतात. वापसा आल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही, जमीन तुडवली जाते, घट्ट होते. एवढी एक गोष्ट मी चालायला शिकले तेव्हापासून ऐकली आहे. लहानपणी एकदा बॉल आणायला ओल्या उसात गेले, तर पप्पांनी सरीतून उचलून बाहेर आणलं होतं आणि नंतर दिवसभर ते माझ्याशी नाही, बॉलशी बोलत होते.

फोनवर हे सांगितलं, तर ते हादरलेच. "वापसा नसताना पोरी सोडल्या शेतात? आणि मालक काय म्हणत न्हाई?"

"मालकीणच टाळ्या वाजवते, पप्पा."

डिसेंबर संपेपर्यंत माझ्या पाच शर्यती झाल्या आणि पाचही वेळा मला बाहेर काढलं. दुसऱ्या शर्यतीत तर तिसऱ्याच फेरीला. फोनवर पप्पा विचारायचे, "पुरी झाली?" मी नाही म्हणायचे. "बरं. जेवलीस का?" मागून मम्मीचा आवाज, "उतरवत्यात कशाला तिला? काय चुकलं तिचं?" काही नाही, मी हळू होते, एवढंच. "मग हळू यिऊ द्या की. तिचं तिला येतंय, तुमचं काय जातंय?"

हसून फोन ठेवायचे आणि मग कितीतरी वेळ बुटांच्या खिळ्यांमधला चिखल काडीने काढत बसायचे. एक शर्यत तरी शेवटपर्यंत करायची होती. जानेवारीत अखेरची एक उरली होती. क्लबच्या कोचनी मला कधी कमी लेखलं नाही, पण पुढच्या हिवाळ्याच्या यादीत पूर्ण शर्यत केलेल्यांचीच नावं जाणार, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आदल्या दिवशी वाट बघायला गेले. पाऊस थांबून ऊन पडलेलं, माती अर्धवट सुकलेली. उताराच्या पायथ्याशी एक लांब चर होता, त्यात पाणी साचलेलं. सगळ्या जणी पाणी टाळून काठाने जात होत्या. मीही गेले. वीस पावलांत चाकाला इतकी माती धरली, की ते फिरेना. तिथूनच पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. घरी संध्याकाळ झाली होती.

"जरा खाली दाखव," ते म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. "वापसा यायला अजून दोन दीस हायत. आत्ताची माती लय वंगाळ, सोडायची न्हाई. कडंनं कशाला मरताय?"

"सगळे कडेनंच जातात."

"सगळ्यांचं राहू दे. उसाला पाणी पाजून माघारी येताना आपुन कुटनं येतो?"

"पाटातनं."

"का?"

"पाय धुऊन निघतो."

"मग झालं की."

"पण खोल असलं तर?"

"काठी घालून बघ. शिकलीस न्हवं एवढी?"

तीस-चाळीस मुली सराव करत होत्या आणि त्यांच्यासमोर मला डबक्यात काठी घालून फिरायचं होतं. पण फिरले. पाणी घोट्याच्या वर नव्हतं आणि तळ कडक लागला. एक उंच मुलगी थांबून बघत होती. तिने विचारलं, मासे आहेत का? मी म्हटलं, अजून नाही लागले. परक्या देशात, परक्या माणसाला, मी स्वतःहून केलेला हा पहिला विनोद.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत सगळा घोळका काठाकडे वळला आणि मी एकटी पाण्यात शिरले. दोन्ही बाजूंना पाणी उडालं. वर आले तेव्हा चाकं स्वच्छ होती आणि माझ्यापुढे गेलेल्या चौघी खाली उतरून बोटांनी माती खरवडत होत्या. दुसऱ्या फेरीत तेच. चौथ्या फेरीपासून आणखी दोघी-तिघी पाण्यातून यायला लागल्या. चढावर माझं काही जादूने सुधारलं नव्हतं, तिथे मला मागे टाकतच होत्या. पण तिथे गेलेलं पायथ्याशी थोडं थोडं परत मिळत होतं.

रेषेपाशी पंचबाई उभ्या होत्या. दर फेरीला मी त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघायचे. हात खाली. पुन्हा हात खाली. मग घंटा वाजली, शेवटची फेरी. सगळ्यात पुढची मुलगी अजून मला गाठू शकली नव्हती. मी ओरडले. मराठीत काय ओरडले, ते इथे लिहीत नाही. मम्मी हे वाचणार आहे.

मी शेवटून दुसरी आले. कालची उंच मुलगी माझ्या बरीच आधी पोचली होती, ती थांबून राहिली होती आणि तिने माझी सायकल धरली. मार्लीन कधी कुणाला मिठी मारत नाहीत. त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या पाठीवर, गाईला थोपटावं तसं, दोनदा थोपटलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात सूप पीत असताना घरी फोन लावला. "पुरी झाली?" "झाली." मग मम्मी म्हणाली, "आवं, बोला की." मग पप्पा म्हणाले, "पयल्या फेरीपासनं सांग." मी सांगायला लागले. अर्ध्यात मार्लीनने टेबलावर हात आपटून मला थांबवलं, कारण त्यांना काही कळत नव्हतं. मग एक वाक्य मराठीत, तेच इंग्लिशमध्ये, असं मी तासभर बोलत होते. मध्येच पप्पांनी गाईंची चौकशी केली, मार्लीनने उसाची केली. मी जन्मात इतकं बोलले नव्हते.

आता माझा दुसरा हिवाळा चालू आहे. कडेगावातले तुम्ही सगळे विचारता, घरची आठवण येते का. माझ्यासारखे पुण्याला, दुबईला, फौजेत गेलेले विचारत नाहीत, त्यांना ठाऊक आहे. मला येते. पण घर म्हणजे आता मला ती गल्ली, तो ओटा एवढंच वाटत नाही. जी बाई शेवटून दुसरी आली, तिची शर्यत जिथे पहिल्या फेरीपासून सगळी ऐकून घेतात, ते माझं घर. अशी घरं मला दोन मिळाली आहेत, आणि दोन्हीकडे मी हल्ली गप्प बसत नाही.