कानशीचा चाकू

कानस घासायलाही कानसच लागते, हे मी चाकू करायला बसले तेव्हा कळलं. बाजारातले चाकू पालकाच्या चार जुड्या कापल्या की बोथट व्हायचे आणि माझं डोकं फिरायचं. नवऱ्याचं जाम गावच्या चौरस्त्यावर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथली एक झिजलेली कानस मी मागून घेतली. मोबाइलवर बघून ठेवलं होतं, ती चुलीत लाल करून राखेत गाडली आणि हळूहळू निवू दिली की लोखंड नरम पडतं.

मग ती पाटाला बोल्टनं आवळून मी दुपारची घासत बसायची. शेजारीण म्हणायची, "काय वं, लोहारीण झाली का तू?" हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. या घरात मी निंदण केलं, भाकरी थापल्या, पोरं वाढवली. पण हे मी केलं म्हणून बोट दाखवावं अशी वस्तू एकही नव्हती. म्हणून त्या पात्यात माझा एवढा जीव गुंतला.

शेवटी पाणी द्यायचं राहिलं. पातं लाल तापवून एकदम थंड करतात, म्हणजे धार टिकते, त्याला आपल्याकडे पाणी देणं म्हणतात. नवरा म्हणाला, "आण, मी गॅरेजात देतो." मी बजावलं, तेलात बुडवा. तो हसला. "पाणी देवाले तेल कायले पाह्यजे?"

चाकू आला तो चकचकीत होऊन. मी कोरून ठेवलेली बाभळीची मूठही त्यानं बसवून आणली होती. मूठ मला बसवायची होती. चाकू हातात दिला तर भांडण होतं, म्हणून त्यानं तो जमिनीवर ठेवला आणि मी उचलला. त्यानंतर घरी येईल त्याला मी तो दाखवला. सासूनं कौतुक केलं, शेजारणीनं केलं, नवरा तर मित्रांसमोर म्हणाला, "आमच्या घरी लोहार ठेवला आहे." मी फुलून जायची.

हिवाळ्यात मूठ हलायला लागली. काढून पाहिली तर आतल्या लोखंडावर गोल गोल चरे होते. कानशीचे चरे सरळ असतात. गोल चरे ग्राइंडरचे. मी पातं उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. सासू वाटाणे सोलत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगतलं वाटते त्यानं. जाऊ दे वं माय, मोडला तं मोडला. दुसरा करून देला ना."

म्हणजे हिलाही माहीत होतं. मग शेजारणीला, त्या मित्रांनाही असणारच. माझ्या पाठीमागे सगळे हसले असतील आणि पुढ्यात येऊन कौतुक करून गेले असतील.

संध्याकाळी तो आला. मी विचारलं, "काऊन नाई सांगतलं मले?"

"पाण्यात टाकला अन् टिचला. तुले वाईट वाटन म्हून तुकडे जोडून मापं घेतले, ग्राइंडरवर दुसरा काढला. अर्धा घंटा बी नाई लागला."

माझ्या इतक्या दुपारींचं काम अर्ध्या तासात, आणि हे तो मला बरं वाटावं म्हणून बोलला, हे आणखी वाईट.

"तुकडे कुठी आहेत?"

"भंगारात गेले. पण चालते ना चाकू मस्त? काय फरक पडते?"

"मोडला म्हणून सांगतलं असतं तं मी रडली असती," मी म्हटलं, "अन् दुसऱ्या दिवशी दुसरी कानस मागाले आली असती. तुम्हाले वाटलं, हिच्यानं आता होत नाई."