खलातला दगड

"अजी, सुरमा असता तर एव्हाना त्याचा भुगा झाला असता," सगीरा म्हणाली. "हा कुटलाच जात नाय. नुसता पसरतोय, पापड लाटल्यासारखा."

"घाईनं सुरमा होत नसतो." निजामुद्दीन बत्ता फिरवत राहिला. "गुलाबपाण्यात मुरू दे."

"मुरवायला ते काय मटण आहे?"

निजामुद्दीननं उभा जन्म वेरूळच्या रस्त्यावर रंगीत दगड विकण्यात घालवला होता. कुठला दगड कुठल्या विहिरीच्या खोदकामात निघाला, ते तो हातात घेतल्याबरोबर सांगायचा. गुडघे गेले, धंदा सुटला, आणि मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत तो दिवसभर बायकोच्या, सगीराच्या, पायात घोटाळू लागला. उरलेला माल घ्यायला आलेल्या जयपूरच्या व्यापाऱ्यानं हा शिशासारखा चमकणारा तुकडा त्याला असाच देऊन टाकला. निजामुद्दीननं तो पाहिला आणि जाहीर केलं, इराणातला अस्सल इस्फहानी सुरमा. लगोलग पाहुण्यांना फोन गेले. रविवारी नातवाचा अकीका, म्हणजे जावळ काढून नाव ठेवायचा सोहळा, आणि आजोबाच्या हातचा सुरमा नातवाच्या डोळ्यांत.

तेव्हापासून घर काळं झालं होतं. टॉवेल, उशांचे अभ्रे, फ्रिजची मूठ, मिठाच्या बरणीचं झाकण. साबण लावला की डाग जायचा नाही, उलट चकाकायचा.

मुलगा मोईन चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अब्बा, हे मॉलिब्डेनाइट आहे. खाणीतून काढतात. ह्याचा धातू पोलादात घालतात, आणि ह्याचीच भुकटी आमच्या बेअरिंगच्या ग्रीसमध्ये असते."

"तू फिटर का हकीम?" अब्बांनी विचारलं, आणि विषय तिथं मिटला होता.

आत्ता मोईनची बायको आमरीन न्हाऊ घातलेलं बाळ घेऊन दारात आली. डोळ्यांत काहीच घालू नका, अस्सल सुरमासुद्धा नको, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पण सासऱ्यापुढं तिचं तोंड उघडत नसे.

"आण इकडं त्याला," निजामुद्दीननं सुरमा लावायची सलाई खलात बुडवली. "आज जरा लावून बघू. रविवारी पाहुण्यांपुढं रडायला नको."

आमरीननं ओढणी बाळाच्या तोंडावर ओढली आणि सासूकडं पाहिलं. सगीरा नवऱ्याकडं पाहत होती. त्याचा डावा डोळा लालभडक होता, गालावर पाण्याचा काळपट ओघळ होता.

"तुम्ही सोताला लावलंत?"

"लई थंडक आहे."

"थंडक आहे तर पाणी का गळतंय?"

त्यानं बाहीनं गाल पुसला. गाल आणखी काळा झाला. "सगळ्यांना सांगून बसलोय, सगीरा," तो हळूच म्हणाला. "दगडांत उभी हयात गेली माझी. आता काय सांगू, दगड ओळखता आला नाय म्हणून?"

म्हणजे ह्याला कळलं होतं. कळूनही हा बत्ता फिरवत होता, आणि सलाई बाळाकडं नेत होता. सगीराला क्षणभर त्याची कीव आली. बाळ ओढणीखालून शिंकलं आणि कीव उतरली. तिनं नवऱ्याच्या हातातली सलाई काढून घेतली, खल उचलून मोरीत ठेवला आणि हात न धुताच बोलली,

"सगळे ऐका. रविवारी अकीका होईल, जेवण होईल. बाळाच्या डोळ्यांत काय जाणार नाय. हे नाय, इस्फहानचं नाय, कुणाचंच नाय. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. आमरीन, तू बाळाला निजव. आणि तुम्ही चपला घाला, डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय."