प्रेमानंद सरांचा 'थम'

आमचे शेजारी प्रेमानंद सर धाडच्या एका शाळेत एनसीसी शिकवतात. नेतृत्वाचं शिबिर करून आल्यापासून त्यांनी पोरांकडून एकच गोष्ट घोटून घेतली: हुकुमाशिवाय थांबायचं नाही.

परवा मोठे साहेब तपासणीला आले. त्यांच्या शेऱ्यावर सरांची बढती ठरणार होती. 'तेज चल' म्हणताच सरांचा घसा बसला, आणि शिस्तीची पलटण फाटकातून थेट आठवडी बाजारात शिरली. मागं सर हात हलवत, त्यांच्या मागं साहेब.

तिथं वांगी निवडणाऱ्या सरांच्या बायकोनं, सारिकावहिनींनी, आवाज दिला, "थम!" पलटण जागीच थबकली.

"मॅडम, हे कुठं शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"घरीच. यायचं भाषण सुरू झालं का रोज म्हणा लागते."

साहेबांनी शेरा लिहिला, 'नेतृत्व उत्तम.' कोणाचं, हे सरांनी अजून विचारलं नाही.