आमच्या स्क्वॉडमधला मुका

पहिल्यांदा मेले तेव्हा मला कुणी मारलं हेच कळलं नव्हतं. विमानातून उडी टाकली, पॅराशूट उघडलं, एका पिवळ्या घराच्या गच्चीवर उतरले. जिन्यानं खाली आले तर समोर बंदूक पडलेली. ती उचलायची कशी म्हणून पडद्यावर बोट फिरवतेय तोवर टक्क करून एक आवाज झाला आणि सगळं करडं झालं. मी मोबाईल खाटेवर फेकूनच दिला. आणि इअरफोनमध्ये माझा धाकटा भाऊ हसत होता.

"ताई, मेलीस तू," तो म्हणाला. चहा झाला म्हणावं तितक्या सहज म्हणाला.

माझं माहेर शेळगावचं. लग्न होऊन सोमेश्वरनगरला आले. नवरा पुण्याकडं कंपनीत, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळं आठवडाभर घरात माणसं दोनच, मी आणि सासरे. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही आबाच म्हणते. आबा ऊस बघायचे, मी घरामागच्या शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं करून विकायची. आमच्यातलं बोलणं म्हणजे "चहा ठेवू का?" आणि "व्हय." भांडण नव्हतं, धाक म्हणावा तसाही नव्हता. पण आबा ओसरीवर आले की माझा पदर आपोआप डोक्यावर जायचा आणि तोंड मिटायचं.

दुपारी उन्हात शेडनेटमध्ये थांबता येत नाही. जेवणं उरकली की घर असं गप्प व्हायचं की मडक्यातून पाणी झिरपलेलं ऐकू यावं. भाऊ भिगवणला मासळीच्या धंद्यात आहे. त्याचा लिलाव सकाळी आटोपतो, दुपारी तोही मोकळा. त्यानंच हा खेळ माझ्या मोबाईलवर घालून दिला. "नुसती पडून काय राहतीस? खेळ की," म्हणाला.

आधी मला त्यातलं सगळंच भयंकर वाटायचं. माणूस पडला की त्याच्या सामानाची पेटी व्हायची आणि दुसरा येऊन ती चाचपायचा. मी मारलेला पहिला गडी मला अजून आठवतो. पुलाच्या कठड्याआड बसला होता, माझ्याकडं पाठ होती त्याची. मी गोळी घातली, तो कोसळला, आणि मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. भावाला वाटलं मीच मेले.

हळूहळू त्यातली मेख कळायला लागली. विमानातून जिथं सगळे उड्या घेतात तिथं आपण घ्यायची नाही, कडेच्या चार घरांत उतरायचं. एका खिडकीतून एकदा डोकावलं की पुन्हा त्याच खिडकीतून डोकावायचं नाही, कारण समोरचा तिथंच नेम धरून बसलेला असतो. दोन गोळ्या झाडल्या की लगेच बंदूक भरायची ओढ लागते, ती आवरायची, कारण माणूस सापडतो तो भरतानाच. मोकळं रान ओलांडायचं तर आधी धुराचा गोळा टाकायचा. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे कान. बंदुकीपेक्षा कान जास्त कामाला येतात. पाऊल लाकडावर पडलं की गवतावर, डावीकडं की डोक्यावर, हे इअरफोनमध्ये बरोबर कळतं. भाऊ नेमबाज होता, पण घिसाडघाई करायचा. माझा नेम जेमतेम, पण ऐकणं चांगलं. त्यामुळं हुकूम मी द्यायला लागले.

चौघांची टोळी लागते, तिला स्क्वॉड म्हणतात. आम्ही दोघं, आणि बाकीचे दोन खेळ स्वतःच कुठून तरी जोडून द्यायचा. बहुतेक शिव्या देणारे मिळायचे. बाईचा आवाज ऐकला की काही जण जे बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही. मी माइक बंद करून टाकायची.

अशातच आबा बांधावरून घसरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. नवऱ्याला रजा मिळेना म्हणून रात्री सोबतीला माझा भाऊ यायचा. आबा घरी आले, कुबड्यांवरून काठीवर आले. आल्यापासून दुपारी ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन पडायला लागले. "घरात उकडतं," म्हणाले. मला बरंच वाटलं. मी मोकळेपणानं खेळू लागले.

त्याच सुमाराला भावानं आमच्यात एक कायमचा गडी आणला. "माझ्या वळखीचा हाय, चांगला माणूस हाय, शिव्या देणार न्हाय," इतकंच म्हणाला. त्याचं खेळातलं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, वाचताही येऊ नयेत अशी. तो बोलायचाच नाही. माइक कायम बंद. काय सांगायचं ते नकाशावर खूण करून सांगायचा. मी त्याचं नाव मुका ठेवलं.

मुका सुरुवातीला अगदीच कच्चा होता. भिंतीला तोंड करून चालत राहायचा. पायऱ्या सापडायच्या नाहीत. मी ओरडायची, "ए मुक्या, झोपलास का? मागं बघ मागं!" "अरे गाढवा, धूर टाक की!" तो निमूटपणे धूर टाकायचा. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडायची. आमच्यातलं कुणी गोळी लागून पडलं की तो हातातलं सगळं सोडून यायचा. पडलेल्या माणसाला जोडीदारानं जवळ बसून थोडा वेळ हात दिला की तो पुन्हा उठतो, असं त्या खेळात आहे. बाकीचे लोक आधी स्वतःचा जीव बघतात. मुका गोळ्यांच्या वर्षावातही यायचा. कितीदा तरी मला उठवता उठवता तोच मेला.

तो बोलत नाही म्हणून त्याच्यासमोर आम्ही भावंडं घरचंही बोलायचो. गवतात दबा धरून बसलं की वेळच वेळ असतो. एकदा भावानं विचारलं, "सासरी करमतं का गं?" मी म्हटलं, "करमतंय कशाचं. आबा दिवसभर बोलत न्हाईत. भाजी कशी झाली हे बी सांगत न्हाईत. घरात माणूस हाय का भिंत, कळत न्हाय मला." भाऊ एकाएकी खोकायला लागला आणि त्यानं विषय बदलला. दोन-तीन दिवसांनी आबा जेवता जेवता म्हणाले, "वांगं चांगलं झालंय." मला नवल वाटलं. आजारपणानं माणूस मऊ होतो, असं मी मनाशी म्हटलं.

मग तो दिवस आला. आम्ही शेवटच्या झोनमध्ये होतो. खेळाचं मैदान निळ्या रिंगणानं आवळत आवळत अगदी एका शेताएवढं उरतं, तो शेवटचा झोन. आमचा चौथा गडी आधीच मेला होता. भाऊ खडकामागं, मी आणि मुका उंच गवतात पालथे. समोर एकच टोळी शिल्लक. मी श्वास रोखून पावलं ऐकत होते.

तेवढ्यात बाहेर साखर कारखान्याचा पाळीचा भोंगा झाला. रोजचाच, त्याचं काही नाही. पण तो विरतोय न विरतोय तोच माझ्या इअरफोनमध्ये पुन्हा तोच भोंगा झाला.

"तुझ्याकडं भोंगा कसला?" मी भावाला विचारलं.

"कुठला भोंगा? मी भिगवणात हाय," तो म्हणाला.

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. मुक्याच्या नावापुढं माइकची खूण हिरवी झाली होती. त्याचा हात चुकून लागला असावा. म्हणजे हा माणूस इथला होता, आमच्याच भोंग्याच्या टप्प्यातला. कोण असेल? दुकानातला? रोपं न्यायला येणारा कुणी? इतके महिने माझं सगळं घरचं बोलणं कुणीतरी शेजारीपाजारी बसून ऐकत होता.

मग त्याच इअरफोनमध्ये कुत्रं भुंकलं. आमचं कुत्रं. ते शेवटाला असं खरखरतं की हजारात ओळखू यावं. आणि पाठोपाठ दबका आवाज आला, "हाड! गप रं!"

तो आवाज मी रोज ऐकत होते. रोज एकच शब्द ऐकत होते, पण ऐकत होते.

मी मोबाईल तिथंच टाकला. भाऊ "ताई, ताई, डावीकडं!" असं ओरडत होता ते इअरफोन ओढून काढेपर्यंत कानात आलं. चपलाही घातल्या नाहीत. तापलेल्या मातीतून पळत विहिरीवर गेले आणि मोटारीच्या खोलीच्या दारात थांबले.

आबा खाटेवर बसले होते. काठी भिंतीला टेकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका कानात इअरफोन, माझ्या नवऱ्याचा जुना मोबाईल हातात. दोन्ही अंगठे चालले होते. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. मला दारातून पडदा दिसत होता. मी मोबाईल टाकून आल्यावर कुणीतरी मला गोळी घातली असणार. पडद्यावर मी गवतात पडले होते आणि आबा माझ्यापाशी गुडघे टेकून बसले होते.

"उठ बाय, उठ," ते पुटपुटत होते.

गोळ्या आल्या. आबाही पडले. पडदा करडा झाला.

"आबा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. मोबाईल मांडीवर पालथा घातला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"माइक चालू राहिला वाटतं," ते म्हणाले.

"तुमी... तुमी मुका?"

"नाव तर तूच ठेवलंस की."

मी उंबऱ्यावर बसले. डोक्यावर पदर घ्यायचं भान राहिलं नाही, आणि राहिलं असतं तरी कशासाठी घेणार होते? मी या माणसाला गाढव म्हटलं होतं. महिनोन्‌महिने अरे-तुरे केलं होतं. घरातली भिंत म्हटलं होतं, तेही त्याच्याच कानात. वांग्याची गोष्टही एकदम उमगली आणि कानशिलं तापली.

"तुमाला पयल्यापासून म्हाईत होतं?"

"आवाज वळखू येणार न्हाय व्हय? घरात दुसरा आवाज हाय कुणाचा?"

"मग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर तू खेळली असतीस?"

आबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. मग खाली बघत म्हणाले, "लगीन होऊन आल्यापासून तू हसलेली मी ऐकली न्हवती. ह्यात ऐकली."

घरी येऊन मी भावाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "ताई, दवाखान्यात ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. डॉक्टरशी बोलायचे न्हाईत. मी बाकड्यावर खेळत होतो तर म्हणाले, दाव बरं काय हाय ते. मग सुटी झाली तवा त्यांनीच म्हटलं, मला बी घ्या, पण सूनबाईला सांगू नको. मी काय करणार?"

त्यानंतर काही दिवस मी खेळाला हात लावला नाही. आबाही विहिरीवर गेले नाहीत, ओसरीवरच बसून राहिले. जेवताना मी मान वर करत नव्हते. आधीची शांतता तरी सवयीची होती. ही नवी शांतता दोघांनाही झेपत नव्हती.

एका दुपारी चहाचा कप ठेवायला गेले तर आबा म्हणाले, "आज जमंल का?" मला आधी कळलंच नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या चार्जरकडं बोट केलं. मी हो म्हटलं.

आता आबा माइक चालू ठेवून खेळतात. ते ओसरीवर, मी आत माजघरात. पण आम्ही सारखे हरायला लागलो. कारण मला हुकूम देता येईना. "आबा, जरा मागं बघता का, तिकडून कुणीतरी येतंय वाटतं," एवढं सांगेपर्यंत दोघंही मेलेलो असायचो. आबा वैतागले. "अगं, पयल्यासारखं बोल की! मानपान घरात. तितं न्हाय." भाऊ पोट धरून हसायचा. पण माझी जीभच उचलेना.

मग एका शनिवारी शेवटच्या झोनमध्ये आबांच्या मागं माणूस आला. मला पाऊल ऐकू आलं आणि मी ओरडले, "मागं! अरे मागं बघ, गोळी घाल!" आबांनी घातली. त्या दिवशी आम्ही जिंकलो. आबा ओसरीवरून "व्हय! व्हय!" असं इतक्या मोठ्यानं ओरडले की कुत्रं उठून उभं राहिलं.

मी धावत बाहेर आले. फाटकात नवरा उभा होता. पाठीवर बॅग तशीच, एक पाय आत, एक बाहेर. तो माझ्याकडं बघत होता, मग बापाकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"तू आबांना काय म्हणालीस आत्ता?" त्यानं विचारलं.

आबाच म्हणाले, "तू हात-पाय धू आधी. अन्‌ मोबाईलला चार्जिंग हाय का बघ. आमाला चौथा गडी लागतोय."